अर्बाबाकडून रिलीज

आमच्या घरात ‘ट्रान्सफर’ या शब्दाला एकच अर्थ होता आणि त्याचा शिक्षणाशी काही संबंध नव्हता. बाबा मस्कतच्या गाला भागात एका गॅरेजमध्ये फोरमन होते. त्यांच्या जगात ट्रान्सफर म्हणजे एका मालकाचा व्हिसा सोडून दुसऱ्या मालकाच्या व्हिसावर जाणं. त्यासाठी आधीच्या मालकानं, म्हणजे अर्बाबानं, ‘माझी हरकत नाही’ असं सांगावं लागायचं. त्याला सगळे रिलीज म्हणत. ज्याला रिलीज मिळायचं तो गॅरेजभर मिठाई वाटायचा. ज्याला मिळायचं नाही तो पुन्हा कामाला लागायचा आणि काही दिवस गप्पगप्प असायचा.

त्यामुळे एका दुपारी जेवताना मी सहज म्हटलं, “बाबा, मला आता ट्रान्सफर घ्यायला लागेल,” तेव्हा बांगड्याच्या कालवणात बुडालेला त्यांचा हात तिथेच थांबला.

“ट्रान्सफर? मगे रिलीज देतले काय ते?”

“अहो, ती कॉलेजात आहे, गॅरेजात नाही,” आई म्हणाली. आई डोंबिवलीची. लग्नाला इतकी वर्षं होऊनही बाबांच्या मालवणीकडे ती अजून पाहुणीसारखीच बघायची, हसून आणि जरा लांबूनच.

मी त्यांना पुन्हा एकदा सगळं समजावलं. बारावीनंतर मी मस्कतमधल्या एका खासगी कॉलेजात प्री-मेड करत होते. प्री-मेड म्हणजे डॉक्टरकीच्या आधीची तयारी: केमिस्ट्री, बायोलॉजी, फिजिक्स, थोडं सायकॉलॉजी. आमच्या कॉलेजात एवढंच होतं, पुढची डॉक्टरकी नव्हती. म्हणजे तिथलं संपलं की झालेले विषय बरोबर घेऊन दुसऱ्या युनिव्हर्सिटीत जायचं. नातेवाइकांना हे पटवता पटवता माझ्या नाकी नऊ आले होते. एका मामानं फोनवर विचारलं होतं, “म्हणजे तू अर्धी डॉक्टर झालीस का?” शेजारच्या काकू तर आमच्या गॅलरीत उभ्या राहून बोट दाखवायच्या. आम्ही अल खौदला राहायचो आणि देशाचं मोठं विद्यापीठ आमच्यापासून हाकेच्या अंतरावर होतं. “समोरच तर आहे! तिथेच का नाही जात?” तिथल्या जागा ओमानी मुलांसाठी असतात, हे मी त्यांना निदान दहादा तरी सांगितलं असेल. त्या दर वेळी नव्यानं हळहळायच्या.

माझ्यापुढे दोन युनिव्हर्सिट्या होत्या. एक बातिना किनाऱ्यावर, खाबुरा गावाच्याही पुढे. गाडीनं सकाळी निघालं तर दुपारच्या जेवणाआधी तिथे. माझे सगळे विषय त्यांना मान्य होते, थेट मेडिकलला बसता येणार होतं. दुसरी फिलिपीन्समध्ये, एका डोंगरावरच्या गावात. तिथे आधी राहिलेली पदवी पुरी करायची, फिजिक्स पुन्हा करायचं आणि मग डॉक्टरकी. म्हणजे हिशेबानं पाहिलं तर प्रश्नच नव्हता. शहाण्या माणसानं पहिली निवडावी.

मला दुसरीच हवी होती.

तिथे आमच्याच शाळेतली एक मल्याळी मुलगी माझ्या पुढे शिकत होती. तिनं व्हिडिओ कॉलवर मला ते डोंगरावरचं गाव फिरवून दाखवलं होतं. पहिल्याच वर्षापासून त्यांना खेड्यांतल्या दवाखान्यांत नेतात, रक्तदाब मोजायला, लहान पोरांची वजनं करायला. बोलता बोलता ती रस्ता ओलांडत होती. एका हातात फोन, दुसऱ्या हातात केळ्याची भजी की काय ते, आणि समोरून एक जीप येत होती. ती थांबली, जीप गेली, ती पलीकडे पोचली आणि बोलणं तसंच चालू. मला त्या दवाखान्यांइतकाच तो रस्ता आवडला. अठरा-एकोणीस वर्षांच्या आयुष्यात मी एकटीनं धड रस्ता ओलांडलेला नव्हता. शाळेला व्हॅन, ट्यूशनला बाबा, बाजाराला आई-बाबा. चालत जायचं ते फक्त खालच्या बकाल्यापर्यंत, म्हणजे वाण्याच्या दुकानापर्यंत, दूध-पाव आणायला. मी मोठी झाले ती गाडीच्या मागच्या सीटवर. खिडकीतून सगळं दिसायचं, पण हात कशालाच लागायचा नाही.

हे सगळं मी बाबांना सांगितलं, रस्त्याचं सोडून. त्यांनी नीट ऐकून घेतलं, पाणी प्यायले आणि म्हणाले, “इन्शाल्ला. बघूया.”

आमच्या घरातल्या ‘इन्शाल्ला’विषयी सांगायला हवं. ‘देवाच्या मनात असेल तर’ अशा अर्थाचा हा शब्द इथली माणसं मनापासून वापरतात. आमच्या खालच्या मजल्यावरच्या आजी ‘इन्शाल्ला बरं वाटेल’ म्हणायच्या तेव्हा अर्धा ताप तिथेच उतरायचा. बाबांचा इन्शाल्ला मात्र त्यांचा स्वतःचा होता. सायकल घ्यायची? इन्शाल्ला. मांजर पाळू या? इन्शाल्ला. वर्गाच्या सहलीला रात्रीचं वाळवंटात राहायला जाऊ? इन्शाल्ला. सायकल आली नाही, मांजर आलं नाही आणि वाळवंटाचे फोटो मी मैत्रिणींकडून पाहिले. बाबांना तोंडावर ‘नाही’ म्हणणं जमायचं नाही, म्हणून त्यांनी हा शब्द कामाला लावला होता. मला त्या दिवशी इतका राग आला की मी जेवण अर्धं टाकून उठले. आईनं माझ्या ताटातला बांगडा निमूटपणे बाबांना वाढला, तेव्हा तर आणखीच राग आला.

पुढच्या आठवड्यात बाबांनी सुट्टी काढली आणि आम्ही तिघं बातिन्याची युनिव्हर्सिटी बघायला निघालो. मी तोंड फुगवून मागच्या सीटवर. आईनं घावन, चटणी आणि थर्मासभर चहा घेतला होता, जणू वनभोजनालाच निघालो होतो. खाबुऱ्याला बाबांनी गाडी बाजाराकडे वळवली. लिंबं घेतली, केळी घेतली, मासळी बघून ‘येताना घेऊ’ म्हणाले. एका म्हाताऱ्या विक्रेत्यानं त्यांना विचारलं, कुठे निघालात? बाबांनी त्यांच्या गॅरेजी अरबीत उत्तर दिलं आणि त्या म्हाताऱ्यानं माझ्याकडे बघून एक केळं जास्तीचं टाकलं. मी इंग्रजीत विचारलं, “व्हॉट डिड यू टेल हिम?”

“चेडू डॉक्टर होतला म्हणान सांगितलंय.” चेडू म्हणजे मुलगी, म्हणजे मी.

युनिव्हर्सिटी चांगली होती. खोटं कशाला बोलू? स्वच्छ, नवी, मुली हसऱ्या. प्रवेश विभागातल्या बाई मला प्रयोगशाळा दाखवत होत्या आणि बाबा मागून येत आपली वेगळीच तपासणी करत होते. त्यांनी एसीच्या जाळीसमोर हात धरून पाहिला. जिन्याचा कठडा हलवून पाहिला. पार्किंगमध्ये सावली कुठे पडते ते पाहिलं. हॉस्टेलच्या मेसमध्ये भात कसा असतो याची चौकशी आईकडे होती. तिनं तो मागवून खाल्लाच. परतताना बाबा खुशीत गाडी चालवत होते.

“हयसर सगळा बरां आसा. एसी पण बरो चलता. दर गुरवारी संध्याकाळी येवन तुका घेवन जायन, शनवारी परत सोडीन.”

“आणि सोमवारी मी डबा पाठवीन,” आई म्हणाली. “खाबुऱ्याकडे कुणी ना कुणी जातंच.”

मी आरशात बाबांचे डोळे पाहिले. इतके आनंदी होते की मला भांडताही येईना. दर गुरुवारी घ्यायला येणार, दर शनिवारी सोडणार, आणि मी डॉक्टर होईपर्यंत मागच्याच सीटवर बसून राहणार. घावन छान झाले होते. मी चार खाल्ले आणि खिडकीबाहेर बघत बसले.

दोन्ही ठिकाणी महिनाअखेरपर्यंत कळवायचं होतं. मी रोज ठरवायचे की आज ठणकावून सांगायचं. रोज बाबा कामावरून दमून यायचे, हातांचं ग्रीस घालवायला साबणानं चोळचोळ चोळायचे आणि विचारायचे, “अभ्यास झालो?” मग माझं ठणकावणं दुसऱ्या दिवसावर जायचं. आईला मी म्हटलं, तू तरी बोल. ती म्हणाली, “मी बोलले की ते मला हो म्हणतील आणि तुला इन्शाल्ला. तूच बोल.”

आणि मग एका सकाळी मी कॉलेजच्या पायऱ्या चढत होते तर समोर बाबा उभे. इस्त्रीचा पांढरा शर्ट, भांग पाडलेला, हातात पिशवी. मी उरलेल्या पायऱ्या पळतच चढले. “काय झालं? आई ठीक आहे ना?”

“सगळा ठीक. तुज्या डीनाक भेटूचा आसा. वेळ घेतलीहा मी.”

“कशाला?”

“कशाक म्हणजे? रिलीजसाठी. खंयच्याय युनिव्हर्सिटीत गेलंस तरी हयसरसून सोडूक व्हया मा? असाच गेलंस आणि उद्या त्येंनी बॅन लावल्यानी मगे?”

मी कपाळाला हात लावला. बाबा, इथे रिलीज नसतं आणि रिलीजशिवाय गेलं म्हणून देशात परत यायची बंदीही नसते, हे मी मराठीत सांगितलं, इंग्रजीत सांगितलं. पण तोवर डीनच्या केबिनचं दार उघडलं होतं. डीन ओमानी होते. उंच, पांढरी दाढी, डोक्यावर भरतकामाची टोपी. बाबांनी आत जाताच छातीवर हात ठेवून सलाम केला आणि पिशवीतून डबा काढून टेबलावर ठेवला. गावाहून आलेलं मालवणी खाजं होतं, आल्याचं. मला वाटलं, जमीन दुभंगावी आणि तिनं खुर्चीसकट मला पोटात घ्यावं.

बाबांनी अरबीत सुरुवात केली. गॅरेजची अरबी ती. तिच्यात क्रियापदं कमी आणि आदर जास्त. माझी मुलगी चांगली आहे. काम चांगलं करते. इथे तिला काही त्रास नाही. पण आता ट्रान्सफर. रिलीज, प्लीज.

डीननी शांतपणे सगळं ऐकलं. खाज्याचा एक तुकडा तोंडात टाकला, चावला, भुवया उंचावल्या, दुसरा घेतला. आणि मग चक्क हिंदीत म्हणाले, “भाईसाब, ये क्या चीज है? बहुत अच्छा है.”

बाबांचा जीव भांड्यात पडला. पाठ करून आणलेली अरबी वाया गेली याचं त्यांना काहीच वाटलं नाही. “हमारे गाव का है साहब. अद्रक है उसमें.”

“आप बोल रहे हैं, बेटी को रिलीज चाहिए.”

“हां साहब. आप नहीं छोड़ेंगे तो कैसे जाएगी?”

मला वाटलं, आता हे हसणार. पण त्या भल्या गृहस्थानं हसू दाढीत ठेवलं. माझ्याकडे हात करून त्यांनी माझं रेसिडेंट कार्ड मागितलं. ते चष्म्याजवळ धरून बघितल्यासारखं केलं आणि बाबांना विचारलं, “ये लड़की किसके वीजा पे है?”

“मेरे वीजा पे. फॅमिली वीजा.”

“तो इसका स्पॉन्सर कौन?”

“मैं.”

“कॉलेज तो बस पढ़ाता है, भाईसाब. हम कौन होते हैं रिलीज देने वाले?” त्यांनी कार्ड बाबांच्या हातात ठेवलं. “इसके अर्बाब तो आप हैं.”

बाबा कार्डाकडे बघत राहिले. त्यांनी ते उलटं करून पाहिलं, पुन्हा सुलटं केलं. मग उठले, सलाम केला आणि बाहेर आले. डीन माझ्याकडे पाहून म्हणाले की डबा नंतर नेलास तरी चालेल.

घरी मी आईला हे सांगितलं तेव्हा ती हसून हसून ओट्याला टेकली. तिचं हसणं दोन दिवस चाललं. “अर्बाब, चहा घेता?” “अर्बाब, गॅस संपलाय.” “अर्बाबांना विचारा, आज भेंडी चालेल का?” मीही हसत होते. बाबा हसले नाहीत. त्यांनी चहा घेतला, गॅस आणला, भेंडी खाल्ली आणि गप्प राहिले. ते चिडले असते तर मला कळलं असतं. हे असं गप्प बसणं मी फक्त त्यांनी सांगितलेल्या गोष्टींत ऐकलं होतं, रिलीज न मिळालेल्या माणसांचं.

शुक्रवारी सकाळी ते गॅलरीत कढीपत्त्याच्या कुंडीला पाणी घालत होते. मी चहा घेऊन गेले. त्यांनी मला बसायला सांगितलं आणि म्हणाले, “तुका ठाव आसा, माकाय एकदा ट्रान्सफर होयी होती?”

मला माहीत नव्हतं. मी तेव्हा बालवाडीत होते. दुसऱ्या एका मोठ्या वर्कशॉपनं त्यांना बोलावलं होतं. मोठं काम, हाताखाली माणसं, सगळं. त्यांनी अर्बाबाकडे रिलीज मागितलं. अर्बाबानं त्यांना जवळ बसवलं, खजूर दिला, कावा म्हणजे इथली बिनदुधाची कॉफी पाजली आणि म्हणाला, इन्शाल्ला. मग त्यांनी पुन्हा विचारलं. पुन्हा खजूर, पुन्हा कावा, पुन्हा इन्शाल्ला. मग त्यांनी विचारणं सोडलं. आजही ते त्याच अर्बाबाकडे होते आणि दोघं ईदला एका ताटात जेवायचे.

“वायट माणूस न्हय तो,” बाबा म्हणाले. “तेव्हा माका खूप राग इलो होतो. वाटला, हो माका अडवता कित्याक? आता परवा त्या डीनान माका सांगितल्यान, अर्बाब तूच. आणि पयला माज्या मनात काय इला सांगू? नायच देवचा रिलीज.” त्यांनी पाण्याचा तांब्या खाली ठेवला. “तेव्हा त्येचा मन कळला माका. वायटपणा नाय गो तो. माज्याबगर त्येचा अडतला, ह्याच भय होता त्येका.”

बाबा माझ्याकडे बघत नव्हते. ते समोरच्या रस्त्याकडे बघत होते. तिकडून विद्यापीठाची मुलं पुस्तकं छातीशी धरून चालली होती.

“तुका तो लांबचोच व्हयो मा? डोंगरावरचो?”

‘ची’ नाही, ‘चो’ म्हणाले. युनिव्हर्सिटीला त्यांनी पुरुष करून टाकलं होतं, जावई असल्यासारखं. मी मान हलवली.

“मगे माजी हरकत नाय,” बाबा म्हणाले. “घे. दिलंय रिलीज.”

मी रडले. ते पण रडले, पण कुंडीकडे तोंड करून. आतून आई ओरडली, “कढीपत्त्याला किती पाणी घालताय, मरेल तो!” आणि मग आम्ही दोघं हसायला लागलो.

एक अट मात्र होती. अर्बाब म्हटला की अट आलीच. “मेसेज मराठीत लिवचो. तुजा इंग्लिश वाचूक माका तुज्या आवशीक विचारूचा लागता, मगे ती निम्म्याच सांगता.” शाळेत आम्ही सगळ्या इंग्रजीतच बोलायचो. मराठी मला वाचता यायची पण लिहिताना ‘ळ’ आणि ‘ल’ यांत मी अडखळायचे. मालवणी तर सगळी समजायची, पण बोलायला गेले की आई हसायची, म्हणून बोलतच नसे. त्या अटीमुळे मी फोनवर मराठी टाइप करायला शिकले, आणि आज हे एवढं लिहिते आहे त्याचं मूळ तिथे आहे.

एक गंमत सांगायची राहिली. ‘हरकत नाय’ ऐकल्यावर मीच डळमळायला लागले. इतके दिवस बाबा अडवत होते तोवर मला सगळं स्वच्छ दिसत होतं. आता अडवणारं कुणी नव्हतं आणि मला एकदम बातिन्याचा एसी आठवायला लागला, सोमवारचा डबा आठवायला लागला. पुन्हा करायच्या फिजिक्सचं पुस्तक मी उघडलं आणि लगेच मिटलं. मी दोन दिवस दोन्हीकडे काहीच कळवलं नाही. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी आई म्हणाली कोथिंबीर संपली, आणि मी म्हटलं, मी आणते. खालच्या बकाल्यातून नाही, पलीकडच्या दुकानातून. मी रस्त्याच्या कडेला उभी राहिले. एक गाडी थांबली, चालवणाऱ्या बाईनं हातानं ‘जा’ म्हटलं आणि मी पलीकडे गेले. काही विशेष घडलं नाही. कोथिंबीर घेऊन परत येताना मी कुणी थांबायची वाट पाहिली नाही, नीट बघून स्वतःच रस्ता ओलांडला. घरी येऊन मी डोंगरावरच्या युनिव्हर्सिटीला होकार कळवला.

निघायच्या दिवशी बाबांनी गॅरेजातून अर्धा दिवस घेतला होता. त्यांच्या अर्बाबानं माझ्यासाठी खजुराचा डबा पाठवला होता. मी नेहमीच्या सवयीनं मागचं दार उघडलं, तर आई तिथे आधीच बसलेली. “पुढे बस,” ती म्हणाली. विमानतळापर्यंत मी बाबांच्या शेजारी बसून गेले आणि बाबा मला रस्त्यावरच्या सगळ्या पाट्या वाचून दाखवत होते, जणू मी या शहरात आजच आले होते.

आईनं माझ्या पाठीवरून हात फिरवला आणि खाज्याची पिशवी बॅगेत नीट आहे ना ते तिसऱ्यांदा पाहिलं. बाबांनी माझं रेसिडेंट कार्ड माझ्या हातात दिलं. फॅमिली व्हिसावरचं माणूस सहा महिन्यांहून जास्त देशाबाहेर राहिलं की व्हिसा रद्द होतो, हा नियम मला पाठ होता. पण बाबांना तो सांगायचाच होता.

“सा म्हयन्यांच्या आत येवक व्हया हां. नायतर व्हिसा खलास.”

माझं लक्ष रांगेकडे होतं. पुढे जाता जाता मी सवयीनं म्हणून गेले, “इन्शाल्ला.”

बाबांचा चेहरा उतरला. इतका पटकन, की माझ्या लक्षात यायला क्षण गेला आपण काय बोललो ते. लहानपणी शाळेला निघताना मी ‘जाते’ म्हणायचे तेव्हा आई मला दारातून परत बोलवायची आणि नीट म्हणायला लावायची. आज तिच्याआधी बोलले ते बाबा, अगदी हळू.

“इन्शाल्ला नको, बाय. नीट सांग.”

मी बॅग खाली ठेवली, रांगेतून बाहेर आले, त्यांच्यासमोर उभी राहिले आणि आयुष्यात पहिल्यांदा त्यांच्या भाषेत म्हणाले, “येतंय, बाबा.”

आई हसली नाही.